बऱ्हाणपूर हे नाव नीट वाचता यावे म्हणून

आपल्या गावच्या जामा मशिदीत फारुकी सुलतान आदिलशाह, म्हणजेच राजा अली खान, याच्या काळातील दोन शिलालेख आहेत. एक अरबी, दुसरा संस्कृत आणि देवनागरीत कोरलेला. काळ इ. स. १५९० च्या सुमाराचा. मशिदीत संस्कृत लेख कसा, याचे पाहुण्यांना नवल वाटते आणि आपणही तो त्यांना अभिमानाने दाखवतो. मला त्या लेखाचे कौतुक आणखी एका कारणासाठी वाटते. सव्वाचारशेहून अधिक वर्षांपूर्वी कोरलेली ती अक्षरे, ज्याला देवनागरी येते असा कोणीही मनुष्य आज उभा राहून लावू शकतो. त्यासाठी त्याला कोणाची परवानगी लागत नाही, काही विकत घ्यावे लागत नाही, आणि अमुक एका कंपनीचाच चष्मा डोळ्यांवर असावा अशी अटही नाही.

माझ्या कपाटात २००३ सालची एक सीडी आहे. तिच्यात माझ्या थोरल्या बंधूंनी, आमच्या दादांनी, लिहिलेला घराण्याचा वृत्तांत आहे. उदगीरच्या लढाईनंतर १७६० साली हे शहर निजामाकडून पेशव्यांकडे आले व १७७८ मध्ये शिंद्यांकडे गेले. त्या धामधुमीत आमचा मूळपुरुष लेखणी घेऊन इकडे कसा आला, येथपासून दादांनी आरंभ केला होता. घरातील मोडी कागद त्यांनी स्वतः लावले, वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले टिपून घेतले आणि शंभरावर पृष्ठे भरतील एवढा मजकूर गावातील एका टंकलेखकाकडून संगणकावर उतरवून घेतला. तो मराठीत आहे, देवनागरीत आहे, त्याचे वय अवघे दोन तपांचे आहे, आणि तो आज सरळपणे वाचता येत नाही.

दादांनी तो मजकूर अमेरिकेतील आमच्या पुतण्याकडे पाठवला तेव्हा तिकडून उत्तर आले, ‘काका, सगळी रोमन अक्षरांची खिचडी दिसते आहे.’ मग फाँट पाठवला. पुतण्या हौशी. त्याने २००४ मध्ये आप्तांसाठी एक संकेतस्थळ उभारून त्यावर हा वृत्तांत चढवला. त्याच्या यंत्रावर तो झकास दिसे. त्याच्या बहिणीच्या ॲपल संगणकावर पुन्हा खिचडी. येथे शनवाऱ्यातील एका सायबर कॅफेत दादा मोठ्या उमेदीने गेले, आणि ज्या यंत्रावर ते बसले त्यात निराळा ब्राउझर होता, तेथेही तेच. दादा परत आले ते ‘मलाच काही जमले नसेल’ असे म्हणत. २०११ मध्ये ते गेले. अखेरपर्यंत त्यांची समजूत हीच होती की चूक त्यांचीच.

चूक दादांची नव्हती. ती कोणाची होती, आजही ती कशी चालू आहे आणि तिच्यात आपला सर्वांचा वाटा किती, हे सांगण्यासाठी मी ही लेखणी उचलली आहे. विषय यंत्राचा आहे म्हणून साहित्याच्या या पत्रिकेत त्याला जागा कशाला, असे काही सभासदांना वाटेल. त्यांना एवढेच विनवतो की कागद, शाई आणि छापखाना हीदेखील यंत्राचीच बाब होती, आणि त्यांच्यावाचून मराठी साहित्याची गेली दोन शतके आपल्याला मिळाली नसती.

प्रथम ब्राउझर म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगतो. संकेतस्थळाचे पान आपल्या यंत्राकडे येते तेव्हा ते चित्ररूपाने येत नाही. ‘हे शीर्षक, हा परिच्छेद, हे चित्र, हा मजकूर अमुक भाषेतील’ अशा सूचनांसह तो केवळ मजकूर येतो. त्या सूचना वाचून पान मांडून दाखवणारा जो वाचक यंत्रात बसलेला असतो, तो ब्राउझर. सूचना कशा लिहाव्या आणि त्यांचा अर्थ काय घ्यावा याबद्दल लिहिणारा आणि दाखवणारा यांच्यात जो करार असतो, त्याला वेब-प्रमाणके म्हणतात. करार पाळला तर एकाचे पान दुसऱ्या कोणाच्याही ब्राउझरमध्ये उघडते. मोडला तर माझ्या दादांचे होते तसे होते.

हा करार मुळात अत्यंत उदार मनाने केलेला होता. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने हे तंत्र कोणाचेही शुल्क न घेता सर्व जगासाठी खुले केले. १९९४ मध्ये प्रमाणके ठरवण्यासाठी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था स्थापन झाली. पुढे मात्र व्यापार आला. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या दोन कंपन्यांत ब्राउझरची झुंज लागली, आणि प्रत्येकीने करारात नसलेल्या आपापल्या खास सूचना घुसवण्यास आरंभ केला. आपल्याकडील कित्येक शासकीय संकेतस्थळांवर ‘नागरिकांना सूचित करण्यात येते की’ अशी जी धावती पट्टी वर्षानुवर्षे धावत राहिली, तिची सूचना मूळ मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररची खासगी करामत होती. आजच्या प्रमाणकांत ती कालबाह्य म्हणून नोंदलेली आहे.

ही झुंज मायक्रोसॉफ्टने जिंकली. या शतकाच्या आरंभी जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक लोक इंटरनेट एक्सप्लोरर वापरत होते. २००१ मध्ये त्याची सहावी आवृत्ती आली, आणि प्रतिस्पर्धी उरला नाही म्हणून सातवी आवृत्ती यायला २००६ साल उजाडले. मधल्या पाच वर्षांत पाने करणाऱ्यांनी कराराकडे पाहणे सोडले. ‘माझ्याकडे दिसते ना, मग झाले’ हा त्यांचा नियम झाला. पानाच्या तळाशी, हे पान अमुक ब्राउझरमध्येच उत्तम दिसेल, असे छापून ठेवण्याची रूढी तेव्हाची. आपल्या ग्रंथालयाच्या दारावर ‘येथील पुस्तके अमुक दुकानाचा चष्मा लावणाऱ्यांनाच वाचता येतील’ अशी पाटी लावली असती तर सभासदांनी ती उखडून फेकली असती. संगणकावर तीच पाटी आपण मुकाट्याने वाचली आणि दुकानदाराकडे गेलो.

खंडव्याचे स्टेशन ज्यांनी जुन्या दिवसांत पाहिले आहे त्यांना हे सहज उमजेल. मुंबईहून आपल्या लालबागेच्या स्टेशनावरून जाणारा मार्ग मोठा, रुळांतील अंतर १,६७६ मिलिमीटर. खंडव्याहून इंदूरकडे आणि अकोल्याकडे जाणारा मार्ग लहान, अंतर एक मीटर. दोन्हीकडे रूळ, डबे आणि इंजिने उत्तमच होती. तरीही बऱ्हाणपूरहून इंदूरला निघालेल्या माणसाला बिछाना, ट्रंक, पोरेबाळे आणि आजारी म्हातारे घेऊन खंडव्यास उतरावे लागे. मालाची पोती हमालांच्या पाठीवरून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जात. शंभर वर्षांहून अधिक काळ हा वेळ, ही हमाली आणि ही मोडतोड देशाने सोसली, ती केवळ दोन रुळांतील अंतराबद्दल आरंभी एकमत झाले नाही म्हणून. शेवटी १९९२ मध्ये रेल्वेने एकच रुंदी करण्याचा कार्यक्रम हाती घेतला, आणि लहान मार्ग उखडून मोठे करण्याचे काम त्यानंतर तीन दशके चालत राहिले. आरंभी करार मोडण्यास काही खर्च येत नाही, तो नंतरच्या पिढीच्या नावे पडतो.

मराठीच्या वाट्याला मात्र एक कुलूप आले नाही, दोन आली. पहिले कुलूप फाँटाचे. १९९० च्या दशकात संगणकावर देवनागरी आणायची तर सोयीचा मार्ग असा होता की रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरीची चित्रे बसवायची. आपल्या प्रदेशातील कचेऱ्यांत वर्षानुवर्षे चाललेला कृतिदेव हा त्याच जातीचा. त्यात ‘मराठी’ हा शब्द टंकित केला तर पडद्यावर ‘मराठी’ दिसते, पण यंत्राच्या पोटात ई, जे, के, बी, एच अशी पाच रोमन अक्षरे जमा होतात. यंत्राच्या दृष्टीने तेथे मराठी नाहीच. फाँट काढून घ्या, की उरते निरर्थक रोमन. पुन्हा प्रत्येक कंपनीच्या फाँटाची बसवणूक निराळी, म्हणजे एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लागत नाही.

या फाँटांना मी शिव्या देणार नाही. त्यांच्यावाचून त्या काळची मराठी पुस्तके, दिवाळी अंक आणि आपली ही पत्रिका निघाली नसती. छापलेल्या कागदावर ते निर्दोष होते, कारण कागद वाचायला यंत्र लागत नाही. दोष तेव्हा झाला, जेव्हा कागदासाठी केलेली ही तात्पुरती युक्ती जशीच्या तशी वेबवर चढवण्यात आली.

दुसरे कुलूप ब्राउझरचे. वाचकाच्या यंत्रात फाँट नसेल तर काय, या अडचणीवर मायक्रोसॉफ्टने पानाबरोबर फाँटही पाठवण्याची रीत काढली. ती चालत असे केवळ इंटरनेट एक्सप्लोररमध्ये. नेटस्केपसाठी निराळ्या कंपनीची निराळी रीत होती. भारतीय भाषांतील बहुसंख्य संकेतस्थळांनी, वर्तमानपत्रांनीदेखील, त्या दशकात अशाच रीती पत्करल्या. जळगावहून गाडीने येणाऱ्या वर्तमानपत्राची वाट पाहण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या आपल्यासारख्यांना मराठी पान पडद्यावर उघडताना पाहून झालेला आनंद मी विसरलेलो नाही. परंतु २००४ च्या नोव्हेंबरात फायरफॉक्स हा खुला ब्राउझर आला, लिनक्स वापरणारे तरुण निघाले, आणि त्यांना मराठी पानांवर खिचडी दिसू लागली, तेव्हा त्यांची तक्रार कोणी गंभीरपणे घेतली नाही. ‘तुम्ही तो ब्राउझर वापरता कशाला’ हेच उत्तर. वाचकाला दिसत नाही याचा दोष लिहिणाऱ्याने वाचकावर टाकावा, ही रीत मराठी वाङ्मयाच्या इतिहासात नवीच म्हणावी लागेल.

आणि यातील खरी खंत ही की दोन्ही कुलपांची गरज नव्हती. आपल्याच देशाने भारतीय लिपींसाठी इस्की हे संकेतप्रमाण केले होते. १९९१ मध्ये ते भारतीय मानक म्हणून जाहीर झाले. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना एकच कोष्टक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, आणि तीत देवनागरी होती. तिची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली आहे. युनिकोडमध्ये ‘म’ला स्वतःचा क्रमांक आहे, तो कोणत्याही फाँटात, कोणत्याही ब्राउझरमध्ये ‘म’च राहतो. विंडोज २००० पासून सामान्य संगणकांवर त्याची सोय येत गेली. दादांनी सीडी केली २००३ मध्ये. म्हणजे रस्ता बांधून झाला होता. त्यावरून जायचे कोणी सांगितले नाही, आणि आम्ही कोणी विचारलेही नाही.

आता माझ्या स्वतःच्या अपराधाकडे वळतो, कारण दुसऱ्यावर बोट दाखवून हा लेख संपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. मी राज्यशासनाच्या सेवेत तीन दशकांहून अधिक काळ काढला. सेवेच्या उत्तरार्धात एका कार्यालयात नागरिकांच्या अर्जांसाठी संगणकप्रणाली बसवली गेली. ती चालते की नाही हे पाहून नोटशीटवर अभिप्राय लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. पुरवठादाराच्या माणसाने आपलाच संगणक आणला, इंटरनेट एक्सप्लोरर उघडला, अर्ज भरून दाखवला. मी लिहिले, ‘प्रणाली समाधानकारक चालत असल्याची खात्री केली.’ दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून पाहावी हे मला सुचले नाही. पुढे कित्येक महिने खेड्यांतून आलेली माणसे सांगत, ‘साहेब, बटण दाबतच नाही.’ आमचा बाबू त्यांना समोरच्या दुकानात पाठवी, कारण त्या दुकानात ‘तो चालणारा’ ब्राउझर होता. दुकानदार अर्जामागे पैसे घेई. म्हणजे शासनाची जी सेवा विनाशुल्क होती, तिच्यावर माझ्या एका वाक्याने कर बसला. ते वाक्य मी आजही मागे घेऊ शकत नाही.

नियम नव्हते असेही म्हणता येत नाही. भारत सरकारने २००९ मध्ये शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. संकेतस्थळ एकाहून अधिक ब्राउझरमध्ये तपासून पाहावे, हे त्यांत आहे. त्याच वर्षी भारतीय भाषांसाठी शासकीय व्यवहारात युनिकोड हे प्रमाण ठरले. २०१० मध्ये ई-प्रशासनात खुली प्रमाणके वापरण्याचे धोरण आले. कागद चोख होते. ज्याने तपासायचे त्याने एकाच यंत्रावर तपासून सही केली, की कागद कितीही चोख असले तरी उपयोग नाही. सेवेत असलेल्या आपल्या मुलांना, जावयांना माझे सांगणे आहे की अशी सही करण्यापूर्वी दोन निराळे ब्राउझर आणि एक स्वस्तातला मोबाइल मागवून घ्या. अर्धा तास लागेल. तो अर्धा तास मी दिला नाही.

हा दोष आपल्याच देशाचा आहे असे मात्र समजू नये. दक्षिण कोरियासारख्या प्रगत देशाने १९९९ च्या सुमारास बँकव्यवहारासाठी जी सुरक्षापद्धत पत्करली, ती इंटरनेट एक्सप्लोररमधील ॲक्टिव्हएक्स या खासगी तंत्रावर बेतलेली होती. त्या वेळी तिला सबळ कारणही होते. परदेशी ब्राउझरमधील संरक्षण अपुरे पडत होते. पण पुढे जग बदलले आणि कोरिया अडकला. पैसे भरायचे, सरकारी दाखला काढायचा, तर तोच ब्राउझर. सरकारमान्य प्रमाणपत्राची ती खास व्यवस्था कायद्याने संपण्यास डिसेंबर २०२० उजाडला. ज्या खांबाला त्यांनी आणि आपण दोर बांधला होता, तो खांब मालकाने स्वतःच काढला. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररचा आधार बंद केला. माझ्या पुतण्याचे ते पान अजून आहे. त्या जुन्या रीतीने पाठवलेला फाँट समजणारा ब्राउझर आज सहजी मिळत नाही.

‘आता तर सगळे युनिकोड झाले, मोबाइलवर मराठी येते, मग जुनी रड कशाला?’ असा प्रश्न मला घरातच विचारण्यात आला. त्याचे उत्तर आपल्या गावाच्या नावातच आहे. मराठीत आपण बऱ्हाणपूर लिहितो. त्यातील ‘ऱ्ह’ हा अर्धा र मराठीचा खास, हिंदीच्या लेखनाला त्याची गरज पडत नाही. दादांची सीडी गेल्या वर्षी एका तरुण आप्ताने संगणकीय रूपांतरकातून युनिकोडमध्ये उतरवली. त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण पहिल्याच ओळीत गावाचे नाव ‘बर्हाणपूर’ झाले होते. सातपुड्याच्या ‘दऱ्या’ उतरून आमचे पूर्वज आले, असे दादांनी लिहिले होते. रूपांतरित प्रतीत ते ‘दर्या’ उतरून आले आहेत. निमाडात कोठला दर्या? मजकुरात जेथे खरोखरच रोमन अक्षरे होती, तेथे देवनागरीचा अर्थहीन कचरा झाला. शंभरावर पृष्ठे आता ओळीओळीने तपासावी लागत आहेत, आणि ज्यांना मूळ शब्द ठाऊक होता ते दादा नाहीत.

युनिकोड आल्यावरही पूर्ण करार पाळल्यावाचून भागत नाही, हेही ध्यानात ठेवावे. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडने स्वतंत्र क्रमांक दिला तो २००८ मध्ये. त्यापूर्वी, आणि अनेक ठिकाणी अजूनही, लोक ‘अ’वर चंद्र चढवून ते साधतात. डोळ्यांना दोन्ही सारखे, काही यंत्रांवर मात्र मध्ये ठिपक्यांचे वर्तुळ उमटते, आणि एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधला तर सापडतोच असे नाही. अर्ध्या ‘ऱ’चेही तसेच, तोही दोन रीतींनी लिहिला जातो. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदीहून वेगळा आहे हे आपण लहानपणी पाटीवर शिकलो, आणि महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला प्रमाणित केली. आजचे चांगले फाँट दोन्ही वळणे पोटात बाळगतात. कोणते दाखवायचे हे ब्राउझर ठरवतो ते पानावरील भाषेच्या सूचनेवरून. ‘हे पान मराठी’ एवढी सूचना लिहिली तर मराठी वळण येऊ शकते. न लिहिल्यास, किंवा पान हिंदी म्हणून नोंदवल्यास, हिंदी वळण येते. अंध वाचकाला पान वाचून दाखवणारे यंत्रही कोणत्या भाषेचा उच्चार करायचा ते याच सूचनेवरून ओळखते. आपल्या प्रांतात मराठी पान करणारे बहुधा हिंदी पानाचा साचा उचलतात आणि ती सूचना बदलत नाहीत. जनगणनेच्या कागदावर कोणी आपली मातृभाषा परस्पर हिंदी लिहिली तर आपण रागावतो. येथे ती आपणच लिहीत आहोत.

नवीन कुलपेही तयार होत आहेत. आज जगातील निम्म्याहून अधिक लोक गूगलचा क्रोम वापरतात. २०२० पासून मायक्रोसॉफ्टचा एजही त्याच गाभ्यावर चालतो. ‘क्रोममध्येच उघडा’ असे सांगणारी दुकाने, बँका आणि कचेऱ्या पुन्हा दिसू लागल्या आहेत. मालक बदलला, पाटी तीच. दुसरीकडे आपल्या संस्थांचे सर्व मराठी आता चित्ररूपाने हिंडते. व्याख्यानाचे निमंत्रण चित्र, श्रद्धांजली चित्र, कविता तर हटकून गुलाबाच्या चित्रावर. चित्रातील मजकूर शोधता येत नाही, मोठा करून वाचता येत नाही, अंधांना ऐकता येत नाही. तो पाहता येतो, एवढेच.

एक आक्षेप मला सर्वांत अधिक टोचतो. आमचे एक स्नेही म्हणाले, ‘अहो, नातवंडांना मराठी वाचता येत नाही, आणि तुम्ही अक्षरांच्या क्रमांकांवर भांडता!’ त्यांचे दुःख मला कळते. परंतु आपली स्थिती पाहा. जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडाने १९५० च्या कायद्याने हिंदीबरोबर मराठीलाही राजभाषा मानले होते. १ नोव्हेंबर १९५६ नंतर आपण ज्या राज्यात आहोत, त्याच्या कचेरीत मराठी नाही आणि शाळेत ती नावापुरती. पुण्यातील मुलाला पान उघडले नाही तर तो रस्त्यावर उतरून मराठी ऐकेल. बऱ्हाणपूर, इंदूर, ग्वाल्हेर किंवा न्यू जर्सी येथील मुलासाठी ते पानच रस्ता आहे. शिवाय कुतूहल हे पंधराव्या वर्षी यावे असा नियम नाही. ते चाळिशीत येते, वडील गेल्यावर येते. तेव्हा त्या नातवाला आजोबांचे शब्द सापडले पाहिजेत आणि वाचता आले पाहिजेत. मोडी आपण दोन पिढ्यांत विसरलो, तरी जाणकार ती आजही लावतो, आणि २०१४ मध्ये मोडीलाही युनिकोडमध्ये स्थान मिळाले. १९९५ ते २०१० च्या दरम्यान आपण खासगी फाँटांत जे लिहिले, ते मोडीहूनही लवकर दुर्बोध झाले.

दुसरा आक्षेप असा की प्रमाणकांमुळे सर्व एकसाची होईल. व्याकरणाने ज्ञानेश्वरांना आणि मर्ढेकरांना एकसाची केले नाही. पानाबरोबर फाँट पाठवण्याची जी गरज एका कंपनीने खासगी रीतीने भागवली होती, तिचे सर्वमान्य प्रमाण २०१२ च्या डिसेंबरात ठरले, आणि आज सुंदर मराठी अक्षरे कोणत्याही ब्राउझरमध्ये दिसतात. नवे काही करण्यास कोणाची मनाई नाही. ते करारात आणा, इतकेच मागणे आहे.

म्हणून माझ्या मागण्या थोड्या आणि नेमक्या आहेत. आपल्या पत्रिकेच्या जुन्या अंकांच्या ज्या सीडी कपाटात पडल्या आहेत, त्या या वर्षातच बाहेर काढाव्यात. ज्यांना ते फाँट ठाऊक आहेत असे टंकलेखक अजून आहेत, ते नेहमी राहणार नाहीत. रूपांतर यंत्राने करावे, पण अर्धा ‘ऱ’, ‘ॲ’ आणि अंक माणसाने तपासावेत. त्यासाठी आठवड्यातून एक सायंकाळ देण्यास मी तयार आहे. यापुढे पत्रिकेसाठी मजकूर युनिकोडमध्येच घ्यावा. संस्थेचे पान कोणी करून देत असेल तर पैसे चुकते करण्यापूर्वी ते तीन निराळ्या ब्राउझरमध्ये उघडून पाहावे आणि त्यावर मराठी भाषेची सूचना आहे की नाही ते विचारावे. सूचनापत्र चित्ररूपाने धाडले तर त्याखाली तोच मजकूर अक्षरांत लिहावा. आणि कोणी वृद्ध सभासद ‘मलाच जमत नाही’ म्हणाला तर त्याला सांगावे की बाबा रे, बहुधा तुझे चुकलेले नाही.

दादांच्या वृत्तांताची एकोणचाळीस पृष्ठे आतापर्यंत तपासून झाली आहेत. पहिल्या ओळीतील बऱ्हाणपूर मी स्वतःच्या हाताने दुरुस्त केले, आणि निरनिराळ्या चार यंत्रांवर उघडून पाहिले. चारही ठिकाणी ते बऱ्हाणपूरच होते.